घाटात गाडी सोडली

शनिवार, २२ मार्च २०२५, दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटे. बजाजनगरच्या आमच्या घरात जेवणे नुकतीच उरकली होती आणि मी आतल्या खोलीत मुलाखतीची तयारी करत बसले होते. बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी केलेला माझा अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला होता. मुलाखत येत्या गुरुवारी होती. बाहेरच्या खोलीत पप्पांचा फोन वाजला आणि त्यांनी सवयीप्रमाणे तो स्पीकरवर टाकला. पप्पांनी आयुष्यभर कंपनीची शिफ्टची बस चालवली. जुन्या बसचे इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असे, आणि त्या इंजिनाने त्यांचा डावा कान निकामी केला. त्यामुळे आमच्या घरात कुठलाही फोन एकट्याचा नसतो.

फोन चाचांचा होता. चाचा पप्पांचे जुने सोबती. दोघांनी एकाच कंपनीच्या बस चालवल्या. आता ते कन्नड ते चाळीसगाव काळी-पिवळी जीप चालवतात, म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा कन्नडचा घाट उतरतात आणि चढतात.

"भाई, तेरे लडके ने घाट में गाडी छोड दी," ते म्हणाले. मागे वारा होता, प्रवाशांचा गलका होता. पुढे ते आणखी काही बोलत होते, पण शब्द तुटत गेले आणि फोन बंद झाला.

पप्पा फोनकडे पाहत उभे राहिले. मोरीत आई ताटे घासत होती. तिचे हात थांबले, पण नळ तिने बंद केला नाही. त्या नळाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

या वाक्याचा अर्थ कोणालाही सरळ वाटेल. आम्हाला मात्र त्याचा दुसरा अर्थ दोन आठवड्यांपूर्वीच, आमच्याच ओट्यावर शिकवला गेला होता, आणि शिकवणारे चाचाच होते.

दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, वाळूजमधली कंत्राटी नोकरी संपल्यावर जुनी पिकअप घेतली. ती घरी आली त्या रविवारी सकाळी आम्ही ओट्यावर त्रिशरण-पंचशील म्हटले, आईने गाडीच्या काचेवर पंचशील ध्वजाचा स्टिकर लावला आणि पाव्हण्यांना पोहे दिले. पाव्हणे म्हणजे दोघेच: मामा आणि चाचा. मामा आमच्यापासून चार घरे सोडून राहतात आणि भाड्याची मोटार चालवतात. त्यांनी येताना चाकांखाली ठेवायला चार लिंबे आणली होती. टॅक्सीच्या लायनीत सगळेच ठेवतात, असे त्यांचे म्हणणे. पप्पा म्हणाले, आपल्यात नाय ते.

"लिंबू नाय, नारळ नाय," मामा म्हणाले. "मग गाडीला कळावं कसं, मालक आला म्हणून?"

"हॉर्न वाजव. कळंल," पप्पा म्हणाले. लिंबांचे सरबत झाले.

सरबत पिताना, चार चाकांचा धंदा करणारे एकत्र आले की जे होते ते झाले. कोणी किती जोरात गाडी मारली, याच्या गोष्टी सुरू झाल्या. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि वाळूजच्या एका चाचणी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली: हे लोक वेग ताशी किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. काटा टेकला, म्हणजे वेगमापकाची सुई शेवटच्या आकड्याला जाऊन भिडली, इतके सांगून आकड्याचा विषय संपतो. खरे मोजमाप दुसऱ्याच वस्तूंनी होते. मामांचे मोजमाप चहाचे होते. नव्या महामार्गावर सावंगीला घेतलेला चहा जालन्याला उतरलो तरी तोंड भाजत होता, असे ते म्हणाले. मी विचारले, कपाला झाकण होते का, आणि बाहेरचे तापमान किती होते.

"घ्या," मामा म्हणाले. "ही सायंटिस्ट बाई चहाचीबी परीक्षा घेनार."

सगळे हसले, मीही हसले. पप्पांना त्यांचा वेग विचारला तेव्हा ते म्हणाले, माझ्या बसला वेग अडवणारा गव्हर्नर होता, आणि घरात तुझी बहीण होती.

मग चाचा बोलू लागले. कंपनीच्या बसवर येण्यापूर्वी, तरुणपणी ते कांद्याचा ट्रक घेऊन गुजरातेत जायचे. त्यांचा सर्वांत मोठा वेग इंजिन बंद असतानाचा होता. घाटाच्या तोंडाशी इंजिन बंद करायचे, गाडी न्यूट्रलवर टाकायची आणि उतारावर सोडून द्यायची. डिझेलचा थेंब लागत नाही. या करण्याला त्यांच्यात 'गाडी सोडणे' म्हणतात. सोडली म्हणजे गियरमधून सोडली. एरवी सगळे ड्रायव्हर हा शब्द निघालो या अर्थाने वापरतात, स्टँडवरून गाडी सोडली असे. पण घाटाच्या संदर्भात त्याचा हा एकच अर्थ, हे चाचांनी आम्हाला बजावून सांगितले.

"आवाजच नसतो, बेटी," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. "इंजन नाही, कुछ नाही. फक्त हवा. पिछे बीस टन कांदा है और ऐसा लगता है के गाडी में कोईच नहीं."

त्या दिवशी काटा टेकला होता, असे ते म्हणाले. मी विचारले, मग थांबलात कसे? ते हसले आणि म्हणाले, चाय पीके. गोष्ट तिथे संपली.

माझ्या डोक्यात मात्र ती चालू राहिली. मामांनी डिवचले, किती निघालं, सायंटिस्ट बाई? मी हिशेब सांगितला. शंभर मीटर उंची उतरलात आणि घर्षण शून्य धरले, तर तळाशी वेग ताशी एकशेसाठच्या जवळ पोहोचतो. ट्रक भरलेला असो की रिकामा, आकडा तोच. या सूत्रात वजन येतच नाही. मामांना हे पटले नाही, चाचांना फार आवडले. मग मी म्हणाले, की ब्रेकच्या सूत्रात मात्र वजन येते. उतरताना जितकी ऊर्जा सुटते तितकी सगळी ब्रेकला उष्णता करून टाकावी लागते, आणि तिथे प्रत्येक किलोचा हिशेब होतो.

दादा एवढा वेळ नव्याने घेतलेल्या गाडीचा आरसा पुसत होता. "आन् ब्रेक चांगला असला तर?" त्याने विचारले.

मी त्याला माझ्या कामाची गोष्ट सांगितली. आमच्या प्रयोगशाळेत ब्रेकच्या लायनरचे, म्हणजे चाकाच्या ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या अस्तराचे, तुकडे येतात. फिरत्या लोखंडी ड्रमवर आम्ही तो तुकडा दाबतो, ड्रम तापवत नेतो आणि लायनर किती पकड देतो ते मोजतो. पकडीचा आकडा ०.४०च्या आसपास असला की लायनर उत्तम. तापल्यावर तो उतरतो. चांगल्या लायनरचा थोडा, वाईटाचा फार. ०.२०च्या खाली गेला तर आमच्याकडे तो तुकडा नापास. दादा म्हणाला, विकणाऱ्याने लायनर नवेच टाकून दिलेत. मग पोहे आले.

आता, शनिवारी दुपारी, चाचांचेच शब्द आमच्या घरात आले होते. दादा सकाळी कन्नडला गेला होता. तिथल्या एका व्यापाऱ्याची अद्रक चाळीसगावला पोहोचवायची, ही त्याची घाटातली पहिली खेप होती. आईने ओल्या हातांनी विचारले, छोडी म्हंजे काय हो? तिला माहीत होते. ती त्या रविवारी पोहे घेऊन दारातच उभी होती.

पप्पांनी चाचांना फोन लावला, संपर्क क्षेत्राबाहेर. दादाला लावला, रिंग गेली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा रिंग गेली. रिंग जाते म्हणजे फोन शाबूत आहे, एवढेच सिद्ध होते, असे मी मनात म्हटले, आणि ते वाक्य मनातसुद्धा इतके भयंकर वाटले की मी ते तिथेच टाकून दिले.

मामांची मोटार दारात आली तेव्हा आई गाडीत बसायला निघाली. पप्पा तिला म्हणाले, तू थांब, फोन घरी आला तर कोणीतरी पाहिजे. फोन घरी येण्याचे काही कारण नव्हते, घरचा फोन असा वेगळा नव्हताच. तरी ती थांबली.

करोडीजवळ आम्ही धुळ्याच्या महामार्गाला लागलो. रस्ता चौपदरी, दुपारची वेळ, समोर जवळजवळ कोणी नाही. मी मागे बसले होते आणि दोन्ही सीटच्या मधून मला मामांच्या समोरचा काटा दिसत होता. तो सत्तरच्या थोडा पुढे होता.

बसल्या बसल्या मी तेच केले जे मला येते. गाडी सोडल्यानंतर घाटात जे काही होते ते काही मिनिटांत होते. फोन आला तेव्हा ते होऊन गेले होते. म्हणजे आम्ही साठने गेलो काय आणि एकशेवीसने गेलो काय, निकालात फरक पडणार नव्हता. फक्त तो आम्हाला कळण्याची वेळ बदलणार होती. हे तर्कशास्त्र निर्दोष होते. आणि तरी मी पुढे वाकून म्हणाले, "मामा, जरा जोरात घ्या ना."

"घेतो," मामा म्हणाले. काटा होता तिथेच राहिला. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात ते म्हणाले, "पाय दबत नाय गं, बाई."

सावंगी ते जालना चहा गरम ठेवणारा तोच पाय होता. पप्पांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. ते दर थोड्या वेळाने दादाचा नंबर लावत होते आणि उजव्या कानाला फोन धरून ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी स्पीकर लावला नाही. वेरूळचा फाटा गेला. उसाच्या ट्रॉल्या लागल्या. मला दर वळणावर शंभर मीटर उंचीचा तो हिशेब आठवत होता, आणि ओट्यावर मी तो किती सहज सांगितला होता ते आठवत होते. त्यात मी घर्षण शून्य धरले होते. खऱ्या घाटात घर्षण शून्य नसते, हवा असते, टायर असतात, असे मी स्वतःला सांगू लागले. मग वळणे आठवली, आणि कठडे. हिशेबात वळणेही नव्हती.

कन्नड मागे पडले. तेलवाडीच्या पुढे सपाटी संपते आणि डोंगर एकदम खाली उतरू लागतो. मामांनी गाडी दुसऱ्या गियरमध्ये घेतली. समोरून वर येणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या ड्रायव्हरकडे पप्पा निरखून बघत होते. मोठा अपघात पाहून आलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, हे त्यांना नोकरीमुळे माहीत असावे. एका एसटीचा ड्रायव्हर तंबाखू मळत गेला. पप्पांनी सुस्कारा सोडला, इतका बारीक की तो फक्त मला मागून खांदे हलल्यामुळे कळला.

तिसऱ्या वळणाच्या आधी पिकअप दिसली.

ती डोंगराच्या बाजूला होती, दरीच्या नाही. डावी दोन्ही चाके नालीत गेली होती आणि गाडी डोंगराला टेकून तिरकी उभी होती. उजव्या चाकांखाली कोणीतरी मोठे दगड लावले होते. दोन पोती फुटून अद्रक रस्त्यावर पसरली होती, आणि गाड्यांच्या चाकांखाली चिरडून तिचा तिखट वास सगळ्या वळणावर भरून राहिला होता. ड्रायव्हरचे दार उघडे होते. सीटवर कोणी नव्हते. डॅशबोर्डवरच्या पकडीत दादाचा फोन थरथरत होता. पप्पांचाच फोन येत होता, कारण खाली उतरतानाही त्यांनी तो लावलेलाच होता.

पप्पा पिकअपकडे गेले नाहीत. ते सरळ रस्ता ओलांडून दरीच्या कठड्याशी गेले आणि खाली बघू लागले. त्यांच्या मागोमाग जाण्याचे धाडस मला झाले नाही. मी पिकअपच्या चाकाला हात लावला. ते अजून कोमट होते. का लावला, ते सांगता येत नाही. माझ्या हाताला तेवढीच सवय आहे.

मामांनी हाक मारली. ते वरच्या वळणाकडे बोट दाखवत होते. आम्ही ज्या वळणावरून आत्ताच उतरलो होतो, तिथे झाडाच्या सावलीत, कठड्याला पाठ लावून एक माणूस बसला होता. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. आम्ही त्याच्या समोरून गेलो होतो. आम्ही सगळे खाली बघत होतो, म्हणून आम्हाला तो दिसला नव्हता.

पप्पा चढ चढून त्याच्यापर्यंत गेले. धापा टाकत उभे राहिले. "गाडी सोडली म्हने तू," ते म्हणाले.

"हां," दादा म्हणाला. "तिथंच सोडली. मला नाय चालवायची ती आता."

शब्दाचा तिसरा, सगळ्यांत साधा अर्थ आमच्यापैकी कोणालाही सुचला नव्हता. चाचांनी घाटातून जाताना मालकाशिवाय उभी असलेली भरली गाडी पाहिली होती आणि बापाला कळवले होते की मुलगा गाडी टाकून गेला. बस. पप्पा दादाच्या शेजारी, भर रस्त्याच्या कडेला, खाली बसले. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी आईला फोन लावला. तिने काही विचारण्याआधी मी नुसते "आहे" म्हणून सांगितले, आणि ती म्हणाली, कोण आहे? नीट सांग, कोण आहे?

दादाने झालेले सांगितले ते तुटक तुटक, अर्धे त्या झाडाखाली आणि अर्धे घरी आल्यावर. घाट सुरू झाल्यावर त्याला चाचांची गोष्ट आठवली. इंजिन बंद करण्याची हिंमत त्याला झाली नाही, पण गाडी त्याने न्यूट्रलवर टाकली, थोडी टाकून बघू म्हणून. पहिले वळण ब्रेकवर छान गेले. दुसऱ्यालाही ब्रेक लागला, पण उशिरा. त्यानंतरच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला तेव्हा पेडल दगडासारखे घट्ट होते, पाय पूर्ण दाबलेला होता, आणि गाडी हळू होत नव्हती. त्याने काट्याकडे पाहिले. चौसष्ट होता. गियर दोनदा पडला नाही, तिसऱ्यांदा पडला, इंजिन किंचाळले, त्याने हातब्रेक ओढला आणि डोंगराकडची नाली बघून चाके तिच्यात घातली.

"चाचा बोलले तसंच होतं," तो मला म्हणाला. "आवाज नव्हता. मला माझा श्वास ऐकू येत होता."

क्रेनने गाडी निघाली. कन्नडच्या मेकॅनिकने पोती उतरवून ती सपाट रस्त्यावर चालवून पाहिली, ब्रेक मारून पाहिला, आणि सांगितले की ब्रेक एकदम कडक आहे, काही झालेले नाही. पोरगं नवं आहे, घाबरलं असेल. तो खोटे बोलत नव्हता. त्याला जे दिसले ते त्याने सांगितले.

रविवारी ओट्यावर पुन्हा तीच माणसे होती, आणि संकट टळल्यावर माणसांना जी बडबड सुचते ती मामांना सुचत होती. आता त्यांना सगळा प्रसंग विनोदी दिसू लागला होता.

"चौसष्ट?" ते दादाला म्हणाले. "अरे, चौसष्टवर माझी गाडी चहा प्यायला थांबती."

दादाही हसला. मामांचा आदल्या दिवशीचा आकडा मला माहीत होता. तो मी काढला नाही. मामांनी चाचांना आग्रह केला, की ती ट्रकची गोष्ट परत सांगा, याला जरा कळू द्या. चाचा नको म्हणाले. "नक्को, भाई," एवढेच. ते त्या दिवशी पोहेही न खाता लवकर गेले.

मला खरी भीती वाटली ती त्यानंतर. घाटातली भीती एका दुपारची होती. ही तशी नव्हती. कारण संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला, मंगळवारी दुसरी खेप आहे, येतो का म्हणून, आणि दादाने नाही म्हटले नाही. तो म्हणाला, सांगतो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, मेकॅनिक बोलतो तेच खरं असंल. ब्रेक लागत असंल, मीच नीट दाबला नसंल. चौसष्टला काय घाबरायचं.

म्हणजे शनिवारी घाटात ज्या गोष्टीने त्याला वाचवले, ती त्याची भीतीच होती, आणि ती त्याच्याकडून आता काढून घेतली जात होती. मायेने, चहाच्या गोष्टी सांगून. मी त्याला समजावले की लायनर तापल्यावर पकड सोडतो आणि गार झाला की पुन्हा पकडतो. मेकॅनिकने गार ब्रेक तपासला होता. जे घडले त्याचा पुरावा गाडी गार होताना नाहीसा झाला. दादा म्हणाला, तुझं बरोबर असंल, पण ते पुस्तकातलं झालं. ते तो चिडून बोलला नाही, म्हणून मला अधिक भीती वाटली.

"पुढचे लायनर काढून दे मला," मी म्हणाले. "उद्याच्या उद्या."

"आन् पास झाले तर?"

"तर मंगळवारी जा."

हे बोलून मी रात्रभर जागी राहिले. पास झाले असते तर? माझ्याकडे सिद्धान्त होता, दादाच्या तळपायाची आठवण होती, आणि कोमट चाकावर ठेवलेला माझा हात होता. मोजलेले काहीच नव्हते. तुकडा नीट निघाला, तर मीच त्याला माझ्या सहीने त्या घाटात पाठवणार होते.

सोमवारी प्रयोगशाळाप्रमुखांची परवानगी घेऊन, कामाची वेळ संपल्यावर, मी यंत्र लावले. दादा वर्तमानपत्रात गुंडाळलेले लायनर घेऊन आला होता. गेटवर मिळालेला पाहुण्यांचा बिल्ला गळ्यात घालून तो यंत्रापासून दूर, हात मागे बांधून उभा राहिला, शाळेत आल्यासारखा. गुरुवारच्या मुलाखतीचे कागद माझ्या पिशवीत तसेच होते. मी लायनरचा तुकडा कापला, पकडीत बसवला आणि ड्रम सुरू केला.

शंभर अंशांवर आकडा आला ०.४१. उत्तम. दादाने ते पडद्यावर वाचले आणि माझ्याकडे पाहिले. त्याचे खांदे किंचित खाली आले, आणि मला कळले की तो मनात व्यापाऱ्याला होकार देतो आहे.

दोनशे अंश. ०.३७. चांगले लायनरसुद्धा एवढे उतरतात. "पास का?" दादाने विचारले. मी म्हणाले, अजून व्हायचं आहे. ड्रमजवळ जळक्या रबरासारखा वास येऊ लागला. दादा एक पाऊल पुढे आला. "हा वास होता," तो म्हणाला. "दुसऱ्या वळणाला."

अडीचशे. ०.२६. आता तो माझ्या खांद्यामागे उभा होता. यंत्राचा आवाज मोठा असतो, तरीही मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

ड्रम आणखी तापायला काही मिनिटे लागतात. नंतर यंत्र गार होऊ दिले, तर आकडा परत ०.४०च्या जवळ चढेल, हे मला माहीत होते. नियमाप्रमाणे ती नोंदही घ्यायची असते. ती मी घेणार नव्हते. त्या चढलेल्या आकड्याची खातरी मेकॅनिकने देऊन झाली होती, आणि मामांनीही.

तीनशे अंश झाले. पडद्यावरचा आकडा उतरत गेला, ०.२०च्या खाली गेला, आणि मग थांबला. दादाने तो वाचला. मग त्याने गळ्यातला बिल्ला मुठीत धरला आणि तसाच धरून ठेवला.

"म्हंजे मी घाबरलो ते," तो म्हणाला.

"बरोबर घाबरलास."

त्याने खिशातून फोन काढला आणि बाहेर गेला. काचेतून मला तो व्हरांड्यात उभा दिसत होता, एक हात कमरेवर ठेवून, व्यापाऱ्याला काहीतरी सांगत. मी यंत्र बंद केले आणि नोंद केली: तापमान ३००, पकड ०.१४.